जिथं शीळ घालायची

इकिवे नदी वर्षातले दहा महिने वाळूची असते. बाहेरचा माणूस पुलावरून बघतो आणि म्हणतो, मेली ही नदी. पाणी खाली असतं. ते वर काढायला बायकांच्या पाठी लागतात, आणि पाठी मोडल्या की त्यांच्या सुनांच्या.

आमच्याकडे वर्षाला दोन पावसाळे, त्या वर्षी दोन्ही फसले होते. मक्याची धाटं गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. खालच्या अंगाचे झिरे एकेक करून आटले. उरला तो वळणावरचा एकच. सात घरांच्या बायका त्यावर जगत होत्या आणि त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. चांगल्या वर्षी तो बुजवलेला असायचा. वाईट वर्षीच उकरायचा, पाणी काढून झालं की वर काटेरी फांद्या, फांद्यांवर वाळू, आणि घरी जायचं ते दुसऱ्याच वाटेनं.

कावाता झिऱ्यात उतरली होती. तिचं डोकं वाळूच्या पातळीखाली गेलं होतं. अर्ध्या भोपळ्यानं ती तळाचं पाणी खरवडून घ्यायची, वर धरायची, आणि वर ओणवी झालेली तिची सासू कलोंडू ते फडक्यातून कॅनमध्ये गाळायची. एक भोपळा भरायला दीडशे श्वास लागत. कावातानं एकदा मोजले होते.

"किती झालं?" तिनं खालून विचारलं.

"पाऊण. घाई करू नकोस, गढूळ होतंय."

"घाई मी नाही करत, आई. माझ्या मांड्या करतायत."

मुन्योकी गाढवाजवळ उभा होता. कलोंडूचा एकुलता एक मुलगा, कावाताचा नवरा, सहा वर्षांच्या मूमोचा बाप. शेतीत त्याचं मन नव्हतं. तो गाणारा होता. कमरेला लांब ढोल बांधून तो लग्नात, बाजारात जुन्या गोष्टी गायचा, आणि चांगल्या गायचा, हे कबूल करायला हवं. त्यानं वाकून भोपळ्यातलं उरलेलं पाणी तोंडात घेतलं आणि जिभेवर घोळवलं.

"उंबराची चव आहे," तो म्हणाला. "मुळं इथवर आलीत. शेवटी शेवटी गोड लागतं बघ."

"पी आणि गप बस," कलोंडू म्हणाली.

"आई, मी गाणारा माणूस. तोंडात आलं की बाहेर पडतं."

"मग गिळायला शीक."

खालून कावाता हसली. "आई, त्यांना झिऱ्यात उतरवा. तोंड वाळूखाली राहील."

तिघंही हसले. त्या वर्षातलं ते तिघांचं मिळून शेवटचं हसणं, म्हणून लिहून ठेवतोय.

*

तरसाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना येते. तरस नदी पिऊन टाकतो. एक म्हातारी उरलेलं पाणी वाळूखाली लपवते आणि रोज सगळ्या जनावरांना घोट घोट देते, एका अटीवर, की जागा बोलायची नाही. धनेश पक्ष्याला गप बसवत नाही. तरस त्याला विचारतो, तुझी चोच ओली कशी? धनेश फुशारकीत सांगून टाकतो. तरस येतो, उरलेलं पिऊन जातो, आणि जनावरं धनेशाला इतकं बडवतात की त्याची चोच सुजते ती कायमची.

ही गोष्ट गाण्याचा एक नेम आहे. धनेश जागा सांगतो ते शब्दांत गायचं नाही. तिथं गाणाऱ्यानं ढोल थांबवायचा आणि फक्त शीळ घालायची. लांब, चढती, मग उतरती. आजोबांपासून सगळ्यांनी तिथं शीळच घातली. का, ते कुणी सांगत बसलं नाही. वाळूच्या नदीकाठी जन्मलेल्याला ते सांगावं लागू नये.

क्यांगोलोच्या बाजारात सिमेंट-पत्र्याच्या दुकानाचा मालक मुसेम्बी यानं गाण्यांची चढाओढ ठेवली. जिंकेल त्याला दुभती शेळी. दुष्काळात दुभती शेळी म्हणजे काय, ते पोट रिकामं असलेल्यालाच कळतं. मूमोच्या नडग्या काड्यांसारख्या झाल्या होत्या. मुन्योकी घरून निघाला तो शेळीसाठीच निघाला, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पुढचं मात्र शेळीसाठी झालं नाही.

समोर किसिलू होता. किसिलू गावातल्या भानगडी गायचा. कुणाची बायको कुणाच्या मोटारसायकलवर दिसली, कुणी चर्चच्या पत्र्यातले चार पत्रे स्वतःच्या गोठ्यावर टाकले. नावं घेऊन गायचा. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत हसायचे. मुन्योकीनं तरसाची गोष्ट धरली तेव्हा निम्मे लोक भाजलेलं कणीस विकणाऱ्या बाईकडे वळले.

तो धनेशापाशी आला, ढोल थांबवला, शीळ घातली.

"हे काय?" किसिलू बाजूला बसून मोठ्यानं म्हणाला. "गाणं चाललंय की वाहतूक पोलीस आलाय?"

लोक खदखदले.

"याचा धनेश मुका आहे रे. मुक्या धनेशाला कोण शेळी देणार? अरे मुन्योकी, तुझी गोष्ट घडली कुठं? का कुठंच नाही घडली?"

"आजोबांनी अशीच गायली," मुन्योकी म्हणाला.

"आजोबांना शेळी मिळाली होती?"

आता सगळा बाजार हसत होता. कणीसवालीसुद्धा. मुन्योकीचा चेहरा काळवंडला. त्यानं ढोलावर थाप मारली आणि जिथं शीळ घालायची तिथं शब्द घातले.

गाय जिथं दगडाची
गुडघे टेकून बसली,
उंबर जिथं उभा चिरला
वीज त्याला डसली,
चाळीस पावलं खाली ये
चाळीस पावलं खाली,
मुळांचं पाणी गोड लागतं
जीभ माझी ओली झाली.

मग लोक उठलेच. ज्यांनी तो खडक पाहिला होता ते ओरडले, अरे, ही तर आपली नदी. ज्यांनी पाहिला नव्हता तेही ओरडले. चाळीस पावलं खाली ये, ही ओळ ढोलावर अशी बसत होती की पाय आपोआप उठत. पुन्हा गा म्हणाले. त्यानं पुन्हा गायली. पाच वेळा गायली. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझेही हात होते, ते मी लपवत नाही.

मुसेम्बी पहिल्या रांगेत होता. त्याचा फोन वर धरलेला होता आणि हात अजिबात हलत नव्हता.

*

शेळी बघून मूमो धावली. कावाता दारात आली, तिनं शेळीचे सड चाचपले आणि नवऱ्याकडे बघून हसली. कलोंडू आत मका कांडत होती. मुसळ हातात धरूनच ती बाहेर आली.

"काय गायलास?"

"तरसाची गोष्ट."

"तरसाच्या गोष्टीला शेळी?"

"लोकांना आवडली, आई."

"शीळ घातलीस?"

मुन्योकी शेळीची दोरी खुंटीला बांधत राहिला. तीन गाठी मारल्या तरी बांधतच होता.

"मी विचारलं, शीळ घातलीस का?"

"एकदा घातली."

"आणि मग?"

तो सांगायला लागला. किसिलू काय बोलला, लोक कसे हसले, कणीसवाली कशी हसली. कलोंडूनं ते काही ऐकलं नाही. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं आणि ती उखळाशेजारी जमिनीवर बसली. म्हातारी माणसं बसताना हात टेकतात. तिनं टेकला नाही, ती नुसती खाली आली.

"गाणं आहे ते, आई. गाण्यातलं खरं कोण धरतं?"

"खरं होतं म्हणून तर शेळी दिली तुला," कावाता म्हणाली. नवऱ्याला ती एरवी तुम्ही म्हणायची.

*

पाचव्या दिवशी एक माणूस लोखंडी सळई घेऊन नदीत उतरला. दगडी गाईपाशी गेला. चिरलेल्या उंबराखाली थांबला. मग मोठ्यानं मोजत खाली चालत आला. बायका झिऱ्यावर होत्या. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. सळई वाळूत खुपसली, ती मूठभर उरेपर्यंत आत गेली. बाहेर काढली, ओलं टोक बोटानं पुसलं आणि फोन लावला.

"एक माणूस आणि वर हातभर खोल आहे," तो फोनवर म्हणाला. "जाड दाणा. धुतल्यासारखी वाळू."

तेव्हा बायकांना कळलं की तो पाण्यासाठी आलाच नव्हता. नैरोबीत इमारती उठतायत, त्यांना वाळू लागते. चांगली वाळू तिथंच असते जिथं पाणी टिकतं, आणि पाणी तिथंच टिकतं जिथं चांगली वाळू असते. या वळणावर एवढी वाळू आहे हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हतं. आता होतं. ढोलाच्या तालावर.

सातव्या दिवशी तीन लॉऱ्या आल्या. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कारण मुसेम्बीकडे शिक्का मारलेला कागद होता. वाळू भरणारे तीसेक जण होते, त्यातले आठ आमच्याच गावचे. त्यांच्या आया, बहिणी वरच्या काठावर कॅन घेऊन उभ्या होत्या. पोरं खाली बघत फावडी मारत होती.

कलोंडूनं घरचं तिपायी स्टूल आणलं होतं. तिनं ते झिऱ्याच्या तोंडाशी ठेवलं आणि त्यावर बसली.

मुसेम्बी बूट भरू नयेत म्हणून जपून पाय टाकत आला. "आजी, उन्हात बसू नका. चक्कर येईल."

"मी याच उन्हात चार पोरं काढली. तीन पुरली."

"पाण्याची काळजी नको. मी टँकर पाठवणार आहे. स्वच्छ, नळाचं पाणी. हे कसलं पाणी पिता तुम्ही, गाढवं तोंड घालतात ते."

"विकत?"

"थोडंसं. डिझेल लागतं ना, आजी."

"तुझ्या आईनं इथलंच पाणी पिऊन तुला पाजलं."

"म्हणून तर मी शेळी दिली," मुसेम्बी म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

त्यानं मान हलवली. चौघांनी कलोंडूला स्टुलासकट उचललं. ती ओरडली नाही. तिच्या कमरेचं फडकं स्टुलाच्या पायाखाली अडकलं आणि सुटलं. चौघं तसेच चालत राहिले. काठावरच्या बायकांनी तोंडं फिरवली. मुन्योकी काठावरच उभा होता. तो धावत उतरला, पडलेलं फडकं उचललं, आईजवळ गेला. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं नाही. कावातानं येऊन घेतलं आणि सासूला गुंडाळलं.

लॉरी भरताना ताल लागतो. एकानं सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. चाळीस पावलं खाली ये, चाळीस पावलं खाली. प्रत्येक ओळीला तीस फावडी एकदम वाळूत जात होती.

*

वाळू म्हणजे नदीची कातडी, असं कलोंडू म्हणायची. ती सोलल्यावर खाली पिवळी चिकणमाती लागली. झिऱ्याचं पाणी उघड्यावर पसरलं, दोन दिवस चकाकलं, गुरांनी तुडवलं, तिसऱ्या दिवशी तडे गेले. उंबराची मुळं हवेत लोंबायला लागली. लॉऱ्या पुढं सरकल्या.

गावानं मुन्योकीला नाव दिलं, धनेश. समोरून बाया आल्या की एक दुसरीला म्हणायची, "तोंड झाक गं, धनेश चाललाय, तुझे दात मोजून बाजारात गाईल." कुणी मारलं नाही. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

तो वेड्यासारखा एक काम करत सुटला. तीन बाजार पायी फिरला. तीच गोष्ट गायला, पण त्यात खडक हत्तीचा केला, उंबराच्या जागी बाभूळ घातली, पावलं शंभर केली. त्याला वाटलं, चुकीचं पुरेसं गायलं की खरं बुजेल. लोक म्हणाले, गड्याला उपासानं शब्द आठवेनात. एका बाईनं दया येऊन त्याला बरोबर ओळी म्हणून दाखवल्या.

शेळी पाण्यात गेली. म्हणजे टँकरच्या पाण्यात. आधी ती आटली, मग विकली. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि पहिलं पाणी वाळू भरणाऱ्यांना, उरलं तर गावाला. कावाता दोनदा रिकामा कॅन घेऊन परतली. मूमोची जीभ पांढरी दिसायला लागली. ती पाणी मागायचीही बंद झाली, भिंतीला गाल लावून पडून राहायची, कारण भिंत गार होती.

"फावडं घ्या," कावाता एका सकाळी म्हणाली.

"त्यांचं?"

"आपलं फावडं बोथट आहे. त्यांचं घ्या."

मुन्योकी गेला. मुसेम्बीनं त्याला कामावर घेतलं. पहिल्या दिवशी त्याच्या तळहातांची साल गेली. ढोलानं हात कडक झालेत असं त्याला वाटायचं, पण ढोलाचा कडकपणा बोटांना असतो, फावड्याचा मुठीला लागतो. जांघेत वाळू घासून रक्त आलं. संध्याकाळी त्याला एक कॅन मिळाला. तो त्यानं डोक्यावरून घरी आणला, गाढव असूनही. गाढवाला पाणी लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "अरे, गाणं ज्याचं तो इथंच आहे की. गा, गड्या. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"घसा बसलाय."

"फावडंही बसेल मग."

मुन्योकी गायला. तरसानं नदी प्यायली इथपासून. तीस माणसं तालात वाकत होती. तो धनेशापाशी आला. तरसानं विचारलं, तुझी चोच ओली कशी? मुन्योकी थांबला आणि त्यानं शीळ घातली. लांब, चढती, मग उतरती. आजोबांसारखी.

फावडी थांबली नाहीत. तीस गळ्यांनी ती जागा भरून काढली. गाय जिथं दगडाची, गुडघे टेकून बसली.

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा शीळ घातली, या वेळी जोरात, इतकी की ओठ थरथरले.

"चुकलास रे," शेजारचा पोरगा म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला. "इथं शीळ नाही, शब्द आहेत. मी सांगतो तुला."

*

एका दुपारी मुन्योकी लवकर घरी आला. लॉरीचं चाक रुतलं होतं. आत कलोंडू आणि कावाता जवळजवळ बसल्या होत्या, मूमो कलोंडूच्या मांडीवर. कलोंडू जमिनीवर काडीनं काहीतरी ओढत होती. त्याला बघताच तिनं तळवा फिरवून ते पुसलं.

महिनाभरात ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता बोलली.

"जा, शेळी बघ जा."

"शेळी विकून पंधरा दिवस झाले, आई."

"मग तरी बघ."

त्यानं बायकोकडे पाहिलं. कावाता मूमोच्या केसातली वाळू काढत होती. तिनं मान वर केली नाही. मुन्योकी बाहेर गेला. जिथं शेळी बांधलेली असायची त्या खुंटीपाशी उकिडवा बसला आणि घरातून येणारी कुजबुज कानावर येऊ नये म्हणून दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरले. तीन गाठींची दोरी अजून खुंटीलाच होती.

दुसऱ्या दिवसापासून कावाता पहाट फुटताना गाढव घेऊन निघायची. पहिल्या दिवशी कलोंडू गाढवावर बसून बरोबर गेली, नंतर कावाता एकटी. परत यायची ती कधी वरच्या शेताकडून, कधी चर्चच्या मागून, शेपटीसारखी एक काटेरी फांदी गाढवामागं ओढत. वाटेवर खुरांचे ठसे राहत नसत. कॅनवर जळण रचलेलं असायचं. रोज फार नसायचं, तीन-चार लिटर. पण मूमो एका सकाळी उठून भूक लागली म्हणाली.

"कुठून आणलं?" मुन्योकीनं एकदाच विचारलं.

कावाता पीठ घाटत होती. मक्याचं पीठ, चुलीवर, दोन्ही हातांनी. "आणलं," ती म्हणाली.

"मी नवरा आहे तुझा."

"हो."

"मी कुणाला सांगेन असं वाटतं तुला?"

ती घाटायची थांबली. "नाही वाटत. पण तुमच्याकडून ते गेलं तेव्हाही तुम्हाला कुणाला सांगायचं नव्हतंच. म्हणून सांगत नाही. जेवा."

तो जेवला. बायको पाणी आणते, म्हातारी जागा जाणते, आणि घरचा पुरुष लेकरासारखा बाहेर बसवला जातो. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही. त्यानं ती घेतली.

*

पुढच्या शनिवारी कावाता पीठ दळून आणायला गाढव घेऊन बाजारात गेली होती. सोमवारी मुसेम्बी स्वतः वाळूत आला. मुन्योकी फावडं टेकून उभा राहिला.

"तुझं गाढव छान आहे," मुसेम्बी म्हणाला.

"म्हातारं आहे."

"गावातली अर्धी गाढवं मेली. उरलेली लीद टाकतात ती दगडासारखी वाजते. तुझ्या गाढवानं शनिवारी माझ्या दुकानासमोर लीद टाकली. मऊ. वाफ निघत होती." तो थोडा जवळ आला. "माझ्या टँकरचं पाणी तुझ्या घरी एक कॅन जातं. गाढव काय पितं?"

"मला माहीत नाही."

"तुझी बायको पाणी कुठून आणते?"

"मला माहीत नाही."

मुकादम हसला. मग सगळेच हसले. "ऐका. आख्ख्या बाजाराला पावलं मोजून देणारा म्हणतो, माहीत नाही."

"खरंच माहीत नाही. मला सांगत नाहीत," मुन्योकी म्हणाला. हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी नाटक समजलं.

"धनेशा, धनेशा," मुकादमानं सूर लावला, "चोच तुझी ओली कशी?"

मुन्योकीनं शीळ घातली.

त्याला थट्टा करायची नव्हती. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. मुकादमानं फावड्याचं पातं आडवं करून त्याच्या तोंडावर मारलं. तो गुडघ्यांवर आला. दुसरा फटका पाठीत बसला, तिसरा कानावर. कालपर्यंत त्याला ओळी शिकवणारा पोरगा लॉरीमागं जाऊन उभा राहिला. मुसेम्बी म्हणाला, "पुरे. उद्यापासून हा नको." आणि फोनवर बोलत चालायला लागला.

मुन्योकी नदीतूनच घरी निघाला. वरचा ओठ फाटला होता, एक दात हिरडीत हलत होता. ऊन उतरायला अजून वेळ होता. वळण ओलांडल्यावर त्याला तो दिसला, लोखंडी सळईवाला. नदीच्या वरच्या अंगाला चालला होता. दर दहा पावलांवर थांबून सळई खुपसत होता, काढून बघत होता, पुढं जात होता. घाई नव्हती त्याला.

मुन्योकी वाळूत उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. सळईवाला बरोबर दिशेनं चाललाय की चुकीच्या, हेही त्याला माहीत नव्हतं.

घरी कावाता नुकती आली होती. काटेरी फांदी कुडाला टेकवलेली होती, काट्यांत ओली वाळू. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं. त्याला खुंटीजवळच्या दगडावर बसवलं. फडक्याचं टोक भिजवून ओठावरचं रक्त पुसलं. मग आतून पेला भरून आणला, अर्धाच, आणि त्याच्या तोंडाला लावला, जिथं ओठ फाटला नव्हता त्या बाजूनं.

कलोंडू दारात येऊन उभी राहिली होती. मूमो तिच्या पायांमागं.

पाणी जिभेवर आलं. रक्ताची चव आधी होती, ती धुतली गेल्यावर मागून दुसरी आली. आंबूस, किंचित तुरट. चिंचेच्या मुळांची. इकिवेच्या काठावर चिंच एकच आहे. वरच्या अंगाला, जुन्या चुनखडीच्या कपारीत, नदीवर आडवी झुकलेली. लहानपणी तो तिच्यावर चढला होता आणि पडला होता. कुठल्या फांदीवरून, तेही त्याला आठवलं.

सळईवाला तिथून किती पावलांवर असेल, हे त्याच्या डोक्यानं न विचारता मोजायला सुरुवात केली.

"सळईवाला वरच्या अंगाला फिरतोय," तो म्हणाला. "दोन दिवस कुठं जाऊ नकोस."

कावातानं सासूकडे पाहिलं.

कलोंडू दारातून हलली नाही. "पाणी कसं आहे?" तिनं विचारलं.

तो घोट त्याच्या तोंडात तसाच होता. त्यानं तो गिळला. फाटलेल्या ओठानं गिळायला वेळ लागला.

"नुसतंच पाणी," तो म्हणाला.